एक दाणा कमी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो ते गणित शिकवायचे. त्यामुळे या व्यासपीठावर एखादं वर्ष गणिताला मिळावं, असं संयोजकांना वाटलं आणि त्यांनी मला बोलावलं. मी त्यांना सांगितलं, मी एकाच संख्येवर बोलेन. ती अशी: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

वीस अंकी संख्या. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र अशी स्थानांची नावं परार्धापर्यंत दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या हिशेबात ही संख्या १८४ परार्धांच्या थोडी पुढे जाते. सांगलीकरांना ती वेगळ्या वाटेने ओळखीची आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुपटीने चौसष्टाव्या घरापर्यंत गेलात की सगळ्या दाण्यांची बेरीज ही येते. राजाची आणि पट शोधणाऱ्या पंडिताची गोष्ट तुम्ही लहानपणीच ऐकली असणार, ती मी सांगत बसत नाही. अल्-बेरूनीने हजार वर्षांपूर्वी ही बेरीज शेवटच्या अंकापर्यंत बिनचूक काढून ठेवली होती, एवढंच नोंदवतो.

पट कसा असतो, हे सांगलीत समजावून सांगणं म्हणजे आगाऊपणा. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत देशभरातली मुलं सांगलीत पटावर बसायला येत. भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्या, स्वाती घाटे इथल्या. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीत जन्मले आणि त्यांच्याच घराण्यातल्या वासंती खाडिलकर १९७४ साली महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या विजेत्या झाल्या. जयश्री आणि रोहिणी त्यांच्या बहिणी. खाडिलकर भगिनी वाढल्या मुंबईत, पण सांगलीने त्यांच्यावरचा हक्क सोडलेला नाही. सोडूही नये.

आधी मोठेपणाचं कौतुक उरकून घेऊ, कारण माझा खरा विषय तो नाही. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात. त्या मापाने पटावरचा गहू होतो सुमारे ७३,८०० कोटी टन. साऱ्या जगात आज वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांचं पीक. साठवायचं कुठे म्हणाल, तर कोयनेचं धरण भरलं की सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. गव्हाला अशी तीनशेहून जास्त धरणं लागतील. आणि सातारा नि सांगली या दोन जिल्ह्यांवर तो सारखा पसरला, तर सगळीकडे ५० मीटर उंचीचा थर बसेल. अजिंक्यतारा तेवढा डोकं वर काढून उभा राहील.

झालं कौतुक. मोठेपणा हा संख्येचा गुण आहे, असं मला वाटत नाही. कोणतीही संख्या घ्या, तिच्यापेक्षा मोठ्या संख्या अनंत आहेत आणि लहान मोजक्याच. या अर्थाने प्रत्येक संख्या लहानच. संख्येचा स्वभाव कळतो तो ती कशी बनली आहे यावरून, आणि ही संख्या फार सुबकपणे बनलेली आहे.

ती बनावट पाहायला पटाच्या आधी आपल्या जुन्या धान्यमापांकडे जाऊ. ज्येष्ठांना कोष्टक पाठ असेल. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडशिरी आणि दोन अडशिऱ्या म्हणजे पायली. गावोगाव माप थोडं लहानमोठं असायचं, त्यावरून बाजारात भांडणंही व्हायची, पण दुपटीचा जिना हाच. निळव्यापासून पायलीपर्यंत सहा पायऱ्या, म्हणून पायलीत निळवी किती? ६४. पटावर घरं जितकी तितकीच. हा योगायोग आहे हे मला माहीत आहे, पण फार सोयीचा आहे.

आता प्रत्येक माप एकेकच घ्या: एक निळवं, एक कोळवं, एक चिपटं, एक मापटं, एक शेर, एक अडशिरी. सगळी मिळून किती? १, २, ४, ८, १६ आणि ३२ यांची बेरीज ६३. पायलीला एक निळवं कमी. दुपटीच्या बेरजेत हे नेहमीच होतं, पुढच्या पायरीला एक कमी पडतो. पटावरही पासष्टावं घर असतं, तर त्यात जितके दाणे बसले असते त्याहून आपली संख्या एकाने कमी आहे. म्हणून गणितात तिला दोनाचा चौसष्टावा घात वजा एक असं म्हणतात.

आणखी एक गंमत त्याच मापांत आहे. ती सहा मापं एकेकदाच वापरून १ ते ६३ निळव्यांपर्यंतचं कोणतंही धान्य मोजता येतं, आणि ते एकाच प्रकारे. अकरा निळवी हवीत? मापटं, कोळवं, निळवं. दुसरा मार्गच नाही. आपल्या आजीने कोठीत हे केलं, तेच आज तुमच्या खिशातला फोन करतो. त्याच्या प्रत्येक कप्प्यात चौसष्ट मापं आहेत आणि प्रत्येक माप एकतर घ्यायचं किंवा ठेवायचं. सगळी घेतली की होणारी संख्या म्हणजे आपलीच. तिच्यात आणखी एक मिळवला तर कप्पा शून्यावर येतो.

या मर्यादा खऱ्या जगात आडव्या येतात. २०१४ साली ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकांची संख्या २,१४,७४,८३,६४७ या हद्दीपाशी आली आणि यूट्यूबला मोजणीचा कप्पा मोठा करावा लागला. एकतीस घरांची बेरीज म्हणजेच ही संख्या. तिच्या शेजारी आपल्याकडचा एक हिशेब जाऊन बसतो. ११५० सालच्या ‘लीलावती’त उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि महिनाभर रोज दुप्पट देत गेला, तर एकूण किती? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. त्या काळच्या नाण्यांत सांगायचं तर १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. यूट्यूबच्या हद्दीला बरोबर एक कवडी कमी!

तीस वेळा दुप्पट करण्याचा कंटाळा भास्कराचार्यांनाही होता. त्यांनी दिलेली युक्ती त्यांच्याही पूर्वीची, पिंगलाच्या छंदशास्त्रातली. तिथे लघु-गुरूंच्या मांडण्या मोजायच्या होत्या. दिवसांची संख्या सम असेल तर ती निम्मी करा आणि ‘वर्ग’ असं टिपा. विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुण’ असं टिपा. शून्यावर आलात की खालून वर चढत टिपलेलं करत जा. आपल्या चौसष्टाला ही युक्ती लावली तर ३२, १६, ८, ४, २, १, सहाही वेळा ‘वर्ग’च टिपावा लागतो. म्हणून त्रेसष्ट वेळा दुप्पट करण्याची गरजच नाही. दोनाचा वर्ग चार, त्याचा १६, त्याचा २५६, मग ६५,५३६, मग ४,२९,४९,६७,२९६ आणि शेवटी पासष्टाव्या घराचे दाणे. सहा गुणाकारांत काम खलास.

माझ्या मते या संख्येचं सगळं मर्म या सहा पायऱ्यांत आहे. पट आडवा मधोमध दुमडल्याची कल्पना करा. खालच्या अर्ध्यात ३२ घरं, वरच्या अर्ध्यात ३२. वरच्या अर्ध्यातल्या प्रत्येक घरात त्याच्या बत्तीस घरं मागच्या जोडीदार घराच्या किती पट दाणे? सगळीकडे सारखेच, दोनाच्या बत्तिसाव्या घाताइतके. म्हणजे पूर्ण पटाची बेरीज ही अर्ध्या पटाच्या बेरजेला त्या पटीत एक मिळवून गुणल्यावर येते. अर्धा पट पुन्हा दुमडा, पाव पट पुन्हा दुमडा, दर खेपेला एक गुणक बाहेर पडतो. दोन घरांची बेरीज ३. चार घरांची ३ गुणिले ५. पहिल्या ओळीची, म्हणजे आठ घरांची, ३ गुणिले ५ गुणिले १७, अर्थात २५५. दोन ओळींसाठी त्यात २५७ हा गुणक येतो आणि चार ओळींसाठी ६५,५३७. जुना अवयव एकही जात नाही, नवा येऊन रांगेत बसतो.

आणि हे पाचही, ३, ५, १७, २५७, ६५,५३७, मूळ संख्या आहेत. फ्रान्समधल्या फर्माला हे दिसलं आणि त्याला वाटलं की ही रांग अशीच मूळ संख्यांची चालत राहणार. १६४० च्या सुमाराचं त्याचं हे अनुमान. सहावा गुणक, म्हणजे आपल्या पटाच्या शेवटच्या दुमडीचा, ४,२९,४९,६७,२९७. फर्मासारखा माणूस इथे चुकला. १७३२ साली ऑयलरने दाखवलं की याला ६४१ ने पूर्ण भाग जातो आणि ६७,००,४१७ येतात.

ऑयलरने हा ६४१ कसा शोधला ते ऐकण्यासारखं आहे. या संख्येला भागणारी कोणतीही मूळ संख्या असली, तर तिला ६४ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे, हे त्याच्या ध्यानात आलं. पुन्हा आपला चौसष्ट! मग तपासायचं काय उरलं? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच शिकार. आणि ६४१ च का, याची सिद्धता तर नववीच्या मुलालाही समजेल. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा: ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६२५ अधिक १६. पहिल्या तऱ्हेवरून, ६४० चा चौथा घात ६४१ ने भागला तर बाकी १. पण ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. दुसऱ्या तऱ्हेवरून, भागाकारात ६२५ च्या जागी वजा १६ चालतो. १६ आणि अठ्ठाविसावा घात मिळून बत्तिसावा घात झाला, म्हणजे वजा दोनाचा बत्तिसावा घात आणि १ यांची बाकी एकच. दोन्हींतला फरक ६४१ ने भागला जातो, आणि तो फरक म्हणजेच फर्माची संख्या. झालं. गुरुजी फळ्यावर हे तीन ओळींत लिहीत.

तेव्हा आपल्या संख्येचे सात मूळ अवयव झाले: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सगळे वेगवेगळे, म्हणून तिचे विभाजक १२८. वीस अंकी संख्या, आणि तिचा शेवटपर्यंतचा जमाखर्च एका पोस्टकार्डावर मावतो. एरवी वीस अंकी संख्या हाताने फोडायची म्हटली तर जन्म जाईल.

अर्ध्या पटावर थोडं थांबू. ४,२९,४९,६७,२९५. ही त्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार. १७९६ साली अठरा वर्षांच्या गाउसने दाखवलं की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येतो. ग्रीकांनंतर दोन हजार वर्षांत कुणाला ते सुचलं नव्हतं. पुढे असं सिद्ध झालं की विषम बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासाने काढायचा, तर बाजूंची संख्या फर्माच्या या मूळ संख्यांपैकी काही एकेकदा घेऊन केलेला गुणाकारच असावी लागते. माहीत असलेल्या अशा मूळ संख्या पाचच. त्यांतून निवड करण्याचे प्रकार ३२, एकही न घेण्याचा सोडला तर ३१. पुन्हा एक कमी! म्हणून असे बहुभुज आज ३१ माहीत आहेत आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्याच्या बाजू बरोबर अर्ध्या पटावरच्या दाण्यांइतक्या. हे काढून कुणी बघणार नाही, असं वाटत असेल तर सांगतो: हेर्मेस नावाच्या एका जर्मन शिक्षकाने ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजाच्या रचनेवर नोकरी सांभाळून दहा वर्षं घालवली. त्या कामाची हस्तलिखितं गटिंगनला ठेवली आहेत.

आता पट पूर्ण न भरता मध्येच थांबलो तर? कोणत्या घरावर थांबलो असता दाण्यांची बेरीज मूळ संख्या होते? घराचा क्रमांक संयुक्त असेल तर बेरीज फुटतेच, कारण पट दुमडावा तसाच तो तीन-तीन किंवा पाच-पाच घरांच्या गटांतही मांडता येतो. त्यामुळे फक्त मूळ क्रमांकाची घरं उरली. चौसष्टात ती १८ आहेत. त्यांपैकी नेमकी निम्मी, नऊ, कामाची निघतात: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६१. अकराव्यावर फसगत होते, २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. एकतिसावं घर तुम्हाला आठवत असेल. लीलावतीचा दाता ज्या संख्येला एका कवडीने मुकला ती मूळ आहे, हे ऑयलरने १७७२ साली दाखवलं. एकसष्टाव्या घराची बेरीज, २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१, मूळ असल्याचं १८८३ मध्ये पेर्वूशिन या उरल भागातल्या एका रशियन पाद्र्याने हाताने हिशेब करून सिद्ध केलं. पॅरिसच्या मर्सेनने १६४४ मध्ये केलेल्या यादीत एकसष्ट नव्हताच आणि सदुसष्ट होता. सदुसष्ट आपल्या पटाच्या तीन घरं बाहेर पडतो. १९०३ साली कोल नावाच्या प्राध्यापकाने अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत एक अक्षर न बोलता फळ्यावर १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ करून दाखवलं आणि मर्सेनचा सदुसष्ट मोडला. माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाला हे कधीच जमलं नसतं.

या नऊ घरांवर युक्लिडचंही काम आहे. अशा घरापर्यंतची बेरीज आणि त्या घरातले दाणे यांचा गुणाकार परिपूर्ण संख्या देतो, म्हणजे स्वतःखेरीजच्या सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या. दुसऱ्या घराशी ३ गुणिले २, सहा. तिसऱ्याशी ७ गुणिले ४, अठ्ठावीस. पाचव्याशी ४९६, सातव्याशी ८,१२८. पटावर अशा नऊ सापडतात.

इथे कुणीतरी मनात कापरेकरांचं नाव घेतलं असेल. घ्यायलाच हवं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर. अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करत गेलं की अखेर हाती येणारी ६१७४ जगभर पोचली ती त्यांच्यामुळे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ हे नाव दिलं. आपली संख्या हर्षद आहे का? अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ गुणिले २९. आपल्या सात अवयवांत २९ नाही, म्हणून नाही. पण मी स्पष्टच बोलतो. कापरेकरांबद्दल मला अपार आदर आहे, तरी अंकांच्या बेरजेचे गुण हे संख्येचे नसून आपल्या लिखाणाचे असतात. दहाऐवजी बाराने मोजणाऱ्या लोकांत जन्मलो असतो, तर हर्षद संख्या बदलल्या असत्या, ६१७४ ची जादू नाहीशी झाली असती. ६४१ मात्र त्या लोकांतही या संख्येला भागेलच. साताऱ्यात जन्मलेले रँग्लर ग. स. महाजनी हे वाक्य ऐकून बहुधा मान हलवतील, कापरेकर हसतील आणि लगेच एक नवी संख्या काढून दाखवतील. दोघांचंही मला पटेल.

आता या संख्येशी जोडलेल्या एका गैरसमजाबद्दल. काशीच्या देवळात तीन खांब आहेत, पुजारी चौसष्ट सोन्याच्या चकत्या, एका वेळी एकच आणि लहानीवर मोठी न ठेवता, एका खांबावरून दुसऱ्यावर नेत आहेत आणि ते पूर्ण झालं की जगाचा अंत, ही गोष्ट अनेक जण प्राचीन भारतीय म्हणून सांगतात. तसं देऊळ काशीत नाही. ते खेळणं एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये बाजारात आणलं आणि गोष्ट त्याच्याबरोबर फिरू लागली. हिशेब मात्र खरा आहे. चाली लागतात बरोबर आपल्या संख्येइतक्या, कारण एक चकती वाढली की चाली दुप्पट होऊन वर एक. सेकंदाला एक चाल धरली तर ५८,४५४ कोटी वर्षं. विश्वाचं वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षं मानलं जातं. तेव्हा घाबरायचं कारण नाही.

शेवटी पट एकदा दुप्पट करू, १२८ घरांचा. दुमडीचा नियम तोच. नवा गुणक आपल्या संख्येहून दोनाने मोठा, दोनाचा चौसष्टावा घात अधिक एक. फर्माच्या म्हणण्याप्रमाणे तोही मूळ असायला हवा होता. १८८० साली लांद्री या फ्रेंच गृहस्थाने वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तो फोडला: २,७४,१७७ गुणिले ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. त्याच्या पुढचे गुणकही एकामागून एक फुटतच गेले. रांगेला शून्यापासून क्रमांक दिले तर पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत सगळे संयुक्त ठरले आहेत. तेहेतिसाव्याला अडीचशे कोटींहून जास्त अंक आहेत. तो मूळ की संयुक्त हे अजून कुणालाही ठरवता आलेलं नाही, आणि सहावी फर्मा-मूळ संख्या अस्तित्वात आहे की नाही हा प्रश्न फर्माने सोडला तसाच उघडा आहे.